डावीकडचं शून्य

महिन्याची दहा तारीख उजाडली की कर सल्लागाराच्या कार्यालयात कुणाला मान वर करायलाही फुरसत नसते. विक्रीच्या मासिक जीएसटीआर-१ विवरणपत्राची मुदत अकराला संपते. नाशिकमधल्या अशाच एका कार्यालयात नुकताच लागलेला मुलगा एका व्यापाऱ्याचा एचएसएन, म्हणजे मालाच्या वर्गीकरणाच्या कोडचा, तक्ता एक्सेलमध्ये भरत बसला आहे. उलाढाल पाच कोटींच्या वर, त्यामुळे कोड सहा अंकी हवा. कांद्याचा ०७०३१० टाइप करून तो एंटर मारतो आणि सेलमध्ये उरतं ७०३१०. तो पुन्हा शून्य घालतो, ते पुन्हा उडतं.

“ताई, झीरो टिकतच नाहीये.”

“आधी कॉलम टेक्स्ट कर, मग एंट्री मार,” कार्यालयातल्या ज्येष्ठ ताई स्वतःच्या स्क्रीनवरून नजर न हटवता सांगतात.

सगळी मेख त्या ‘आधी’मध्ये आहे. एंटर दाबताच एक्सेल ठरवून टाकतं की ही संख्या आहे, आणि संख्या म्हटल्यावर फक्त किंमत साठवतं. डावीकडच्या शून्याला किंमत नाही, हे आपण शाळेत शिकलो तेच ते पाळतं. शून्य लपलेलं नसतं, ते साठवलेलंच नसतं. म्हणून नंतर फॉरमॅट टेक्स्ट केला तरी गेलेलं परत येत नाही. मुलगा कॉलम निवडून टेक्स्ट करतो, कोड नव्याने टाकतो. या वेळी आकडे सेलच्या डाव्या कडेला चिकटून बसतात. संख्या उजवीकडे सरकते आणि मजकूर डावीकडे, एवढी एक खूण डोळ्यांत बसली तरी पुष्कळ काम होतं. एखादाच सेल असेल तर आधी अपॉस्ट्रॉफी टाकून कोड लिहिला तरी चालतं. ती सेलमध्ये दिसत नाही, छपाईतही येत नाही.

मग कोपऱ्यात हिरवा त्रिकोण उगवतो. संख्या मजकूर म्हणून साठवली आहे, अशी एक्सेलची तक्रार. सोबत ‘कन्व्हर्ट टू नंबर’ हा मदतीचा हातही पुढे येतो. तो धरायचा नाही.

कंट्रोल आणि १ दाबून, कस्टममध्ये सहा शून्यं लिहिण्याचा मार्गही अनेकांना ठाऊक असतो. सेलमध्ये ०७०३१० झळकतं, पण वरच्या फॉर्म्युला बारमध्ये ७०३१० च असतं. छापून द्यायचं असेल तर हे ठीक आहे. दुसऱ्या शीटमधल्या मजकुराशी व्हीलुकअपने जुळवायला गेलं की मात्र दिसायला सारखे दोन कोड एकमेकांना ओळख देत नाहीत. तिथे टेक्स्ट फंक्शन वापरून खराखुरा मजकूरच करून घ्यावा लागतो.

एचएसएन कोडची एक सोय आहे. तो दोन, चार, सहा किंवा आठ अंकी, म्हणजे नेहमी सम अंकांचा असतो. पाच अंकी दिसला की शून्य गळालंच म्हणून समजा. द्राक्षांचा ०८०६१०, हळदीचा ०९१०३०; पहिल्या नऊ, म्हणजे ०१ ते ०९ प्रकरणांत शेतमाल ठासून भरलेला असल्याने नाशिक-सांगलीकडे हा त्रास जरा जास्तच. भारतातल्या पिनकोडची ही भीती नाही, कारण तो शून्याने सुरूच होत नाही. पण दिवाळी अंक न्यू जर्सीला पाठवणाऱ्याच्या यादीत जर्सी सिटीचा ०७३०६ हमखास ७३०६ होऊन बसतो.

सीएसव्ही फाइलचा फसवेपणा वेगळाच. नोटपॅडमध्ये उघडली तर सगळी शून्यं जागच्या जागी. त्याच फाइलवर डबल क्लिक केलं की एक्सेल ती शून्यं गिळतं. ‘डेटा’ टॅबमधून फाइल आत घेऊन कोडच्या कॉलमला टेक्स्ट हा प्रकार दिला की ती वाचतात. एक्सेल १९८५ चं. शून्यं काढू नकोस असं त्याला बजावण्याची सोय मायक्रोसॉफ्टने दिली २०२३ मध्ये. एवढा उशीर का, देव जाणे. शिवाय आपण ते सेटिंग बदललं, तरी फाइल ज्याला पाठवली त्याने बदललेलं असेलच असं नाही.

बँक खात्यांचा कॉलम ताई स्वतः तपासतात. खाते क्रमांकाची लांबी बँकेगणिक वेगळी, त्यामुळे अंक मोजून चूक पकडता येत नाही. त्यात एक्सेल संख्येचे पहिले पंधराच अंक धरतं. सोळा अंकी क्रमांक संख्या म्हणून टाकला तर शेवटचा अंक मुकाट्याने शून्य होतो. कोडचं उडालेलं शून्य पुन्हा जोडता येतं. तो सोळावा अंक मात्र कुठल्याही फॉर्म्युल्याने परत येत नाही, त्यासाठी पक्षकाराकडून पासबुकाची प्रतच मागवावी लागते.