रंगीत पाणी आणि मातीचे सामर्थ्य

पाणी वस्त्राने गाळले की कचरा वर राहतो; मात्र पाण्यात विरघळलेला रंग चारपदरी वस्त्रातूनही सहज खाली उतरतो. पाली येथील बांडी, बालोतरा येथील लूनी आणि इचलकरंजीची पंचगंगा या नद्यांच्या परिसरात कापडव्यवसाय वाढला, तसा हा प्रश्नही वाढला. सुती कापडाच्या रंगाईत वापरलेल्या रंगाचा काही अंश धाग्यावर न बसता धुलाईच्या पाण्याबरोबर जातो. तो लवकर विघटित होत नाही. नदीत तो सूर्यप्रकाश अडवितो आणि पाणवनस्पतींसह त्यांवर जगणाऱ्या जीवांना बाधतो.

यावरील एक उपाय मातीतच दडलेला आहे. बारमेर व कच्छ येथे बेंटोनाइट नावाची चिकणमाती सापडते. पुस्तकाच्या पानांप्रमाणे तिचे अतिसूक्ष्म थर एकावर एक रचलेले असतात. त्यांवर ऋण विद्युतभार असल्याने मेथिलीन ब्ल्यूसारखे धनभारित रंग तिला चटकन चिकटतात. परंतु सुती कापडाचे रिअ‍ॅक्टिव्ह रंग स्वतःच ऋणभारित असतात. सारखे भार एकमेकांना दूर लोटतात; म्हणून साधी माती येथे निष्प्रभ ठरते.

रसायनशास्त्रज्ञांनी तिचा स्वभावच पालटला. साबणाच्या कुळातील, पण धनभार असलेले पृष्ठसक्रिय द्रव्य मातीत मिसळले की थरांमधील सोडियम बाहेर पडतो व त्याची जागा हे द्रव्य घेते. केसांच्या कंडिशनरमध्येही याच जातीची द्रव्ये असतात. त्यांची लांब कार्बनसाखळी थर विलग करते. मात्रा पुरेशी असल्यास मातीचा पृष्ठभाग धनभारित होतो आणि पूर्वी दूर लोटलेला रंग आता तीच माती धरून ठेवते.

तथापि, हिशेब येथे संपत नाही. पृष्ठसक्रिय द्रव्य मातीतून सुटले, तर तेच जलचरांना घातक ठरते. रंगाईतील मीठ या उपायाने निघत नाही. शिवाय रंग शोषलेली माती उघड्यावर टाकल्यास नदीचे संकट केवळ जमिनीवर येते. म्हणून मात्रा नेमकी राखणे, माती पूर्णपणे निथळून वेगळी करणे आणि तिची सुरक्षित विल्हेवाट लावणे, हे तिन्ही खर्च कारखान्याच्या वहीत प्रारंभीच मांडले पाहिजेत. ते वगळून दिसणारा नफा खरा नसतो. त्याची भरपाई खालच्या गावातील विहिरीला करावी लागते.