वऱ्हाडी जेवण आणि वाइनची निवड
बुलढाणा, अकोला, अमरावती आदी जिल्ह्यांतील वऱ्हाडी जेवण तिखट असते. त्यामुळे सोबतची वाइन निवडताना तिखटपणा हा मुख्य निकष ठरतो. मिरचीतील कॅप्सेसिनमुळे होणारी जळजळ अल्कोहोलमुळे वाढते. लाल वाइनमधील टॅनिनने तोंडातील तुरटपणाही अधिक जाणवतो. म्हणून ठेचा, हिवाळ्यातील वांग्याचे भरीत किंवा झणझणीत रश्श्यासोबत कमी अल्कोहोलची, किंचित गोड, थंड पांढरी वाइन योग्य मानली जाते. नाशिक परिसरात तयार होणारी अर्धगोड शेनिन ब्लां हे तिचे उदाहरण होय. पुरणपोळीसारख्या पक्वान्नासोबत वाइन पक्वान्नाइतकीच गोड नसल्यास आंबट लागते. सणाच्या नैवेद्याच्या जेवणात मद्य सामान्यतः वर्ज्य असते. तेथे उन्हाळ्यात थंड, आंबटगोड पन्हे हेच काम करते.