पेशीतली पाचर

शाळेच्या पुस्तकात लयकारिकांची ओळख आत्मघाती पिशव्या अशी करून दिलेली असते. पेशीला इजा झाली की त्या फुटतात आणि पेशी स्वतःलाच पचवते, असे ते चित्र. त्यामुळे मोडतोड म्हणजे शेवट, ही समजूत मनात घट्ट बसते. आंतर्द्रव्यजालिकेचा गेल्या काही वर्षांतला अभ्यास या समजुतीला धक्का देणारा आहे. प्राणिपेशीतल्या एकूण पटलांपैकी निम्म्याहून अधिक पटल एकट्या या जालिकेचे असते. पेशीबाहेर पाठवायची प्रथिने तिच्यात घडी घेतात, मेदही बहुतांशी तिथेच तयार होतात. इतक्या कामाच्या या अंगकाचे तुकडे धडधाकट पेशी नियमितपणे तोडते, लयकारिकेत पचवते आणि निघालेला माल पुन्हा वापरते. ही निव्वळ केरकचरा काढण्याची क्रिया नव्हे. जालिका किती असावी याचे नियमन त्यातून होते, आणि त्यात उणे चालत नाही तसे अधिकही चालत नाही.

याचा जुना पुरावा उंदरांच्या यकृतात सापडला. फिनोबार्बिटल हे औषध दिले की यकृतपेशींतली गुळगुळीत जालिका भराभर वाढते, कारण औषधाची विल्हेवाट लावणारी विकरे तिच्यावर असतात. औषध थांबवल्यावर ही वाढ ओसरते. १९७३ साली बोलेंडर आणि वायबेल यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली मोजमाप केले, तेव्हा याच काळात पटले गिळणाऱ्या पोकळ्या वाढलेल्या दिसल्या. ही जालिका बिघडलेली नव्हती, फक्त गरजेपेक्षा जास्त होती. ख्रिश्चन द द्यूव यांनी पेशीच्या या स्वभक्षणाला १९६३ मध्ये नाव दिले होते. योशिनोरी ओसुमी यांनी पुढे यीस्टमध्ये त्याची जनुके शोधली आणि २०१६ चे नोबेल मिळवले. पण एवढ्या मोठ्या जाळ्यातला नेमका कोणता तुकडा घ्यायचा, हे ठरवते कोण, याचे उत्तर बराच काळ हाती नव्हते.

ते मिळाले फॅम१३४बी या प्रथिनात, आणि या विषयात सर्वांत जास्त रेंगाळावे असे ठिकाण हेच आहे. २००९ साली या प्रथिनाचे नाव एका दुर्मीळ आनुवंशिक आजाराशी जोडले गेले. त्या आजारात वेदनेची जाणीव जाते, हातापायांच्या जखमा कळत नाहीत, चिघळतात आणि बोटे गमवावी लागतात. तेव्हा ते गॉल्जी संकुलातले प्रथिन मानले गेले होते. २०१५ मध्ये फ्रँकफर्टच्या इव्हान डिकिच यांच्या गटाने ते जालिकेच्या पटलात बसते आणि तिच्या पचनाला वाट करून देते, हे दाखवले. त्याची रचना थक्क करणारी आहे. त्याचे दोन केसपिनेसारखे भाग पटलाच्या फक्त बाहेरच्या थरात घुसतात. लाकडात पाचर ठोकावी तसा तो थर फाकतो आणि पटल वाकते. प्रथिनाच्या शेपटाकडचा छोटा भाग पटले गिळणाऱ्या पोकळीवरच्या एलसी३ या प्रथिनाला पकडतो. म्हणजे वाकवणारा आणि बांधून देणारा एकच. ही प्रथिने एका जागी दाटली की वाक तीव्र होतो आणि तुकडा सुटतो. त्यांच्यावर फॉस्फेटचा गट जोडला गेला की ही दाटी वाढते, हेही २०२० मध्ये स्पष्ट झाले.

यावर एक आक्षेप रास्त आहे. उपाशी पेशी हाताला येईल ते गिळते, त्यात जालिकाही जाते. मग निवड कसली? असे सरसकट गिळणे होतेच. पण २०१५ मध्येच हितोशी नाकातोगावा यांच्या गटाने यीस्टमध्ये दोन वेगळी प्रथिने दाखवली: केंद्रकाभोवतीच्या जालिकेसाठी एटीजी३९, कडेच्या जालिकेसाठी मुख्यतः एटीजी४०. सरसकट गिळण्याला अशा वाटणीची गरज पडली नसती. दुसरा आक्षेप असा की, बिघडलेली प्रथिने प्रोटिएसोम हे संकुल मोडतेच. मोडते, पण सुटी करून, एकेक. पटलाचा तुकडा त्याच्या आवाक्यात नाही, आणि चुकीची घडी पडलेले लांबलचक प्रोकोलॅजनही याच पचनाच्या वाटेने जाते. विषाणूंचाही दाखला आहे. डेंग्यू आणि झिका जालिकेच्याच पटलांवर आपल्या प्रती काढतात, आणि त्यांचे एक विकर फॅम१३४बी कापून टाकते. नुसत्या केर काढणाऱ्याला कापून विषाणूचे फारसे काही साधले नसते.

खरी अडचण उपचारापाशी येते. फॅम१३४बी अनेक ऊतींत असताना, ते बिघडले की वेदनेची जाणीव घालवणाऱ्या त्या आजारात मुख्यतः संवेदी चेतापेशीच का मरतात? एक पटणारे कारण असे की, त्या विभाजित होत नाहीत आणि त्यांचे तंतू मीटरभर लांब असू शकतात, तेव्हा जालिकेचा ताळेबंद चुकला की तो वाटून घ्यायला जागा नसते. इतर पेशींत आरटीएन३, सेक६२, सीसीपीजी१, टेक्स२६४ अशी मदतीला येऊ शकणारी प्रथिनेही आहेत. मग पचन वाढवणारे औषध द्यावे, हा विचार सुचणे स्वाभाविक आहे. पण याच आजाराच्या एका प्रकारात २१६ व्या जागी ग्लायसीनऐवजी अर्जिनीन येते, प्रथिने नको इतकी दाटतात, जालिका प्रमाणाबाहेर तुटते आणि संवेदी चेतापेशी मरतात. एका रुग्णाला पचन अपुरे पडते, दुसऱ्याला ते जास्त होते, आणि वरून लक्षणे सारखी. शिवाय आपले बरेच ज्ञान उपाशी ठेवलेल्या किंवा हे प्रथिन मुद्दाम जास्त बनवायला लावलेल्या, बशीतल्या पेशींवरचे आहे. शरीरातली चेतापेशी रोज किती जालिका मोडते, याचा अंदाज त्यावरून बांधणे धोक्याचे आहे. म्हणून सरसकट पचन वाढवणारे औषध या आजारावर नको. आधी जनुकीय तपासणीतून बिघाड कोणत्या दिशेचा आहे ते कळायला हवे. मूळ बिघाड दुरुस्त करणारा उपचार आज नाही. हातपाय रोज तपासणे, जखम लवकर ओळखणे आणि ती चिघळू न देणे, हेच या रुग्णांसाठी करता येते.