नव्या फुलांचे बारसे

रायगड जिल्ह्यातील कर्जत आणि खालापूर हे तालुके सह्याद्रीच्या पायथ्याशी वसले आहेत. हा भाताचा मुलूख. मृगाचा पाऊस सुरू होण्यापूर्वी येथील शेतकरी बियाणे आणावयास जातो, तेव्हा तो नुसते ‘भाताचे बी द्या’ असे म्हणत नाही. ‘कर्जत-३ द्या’ असे नाव घेऊन मागतो. कर्जतच्या संशोधन केंद्रात हा वाण तयार झाला, म्हणून त्यास गावाचे नाव आणि ओळखीचा अंक मिळाला. कर्जत-३ हा हळवा, म्हणजे लवकर पिकणारा वाण होय. कर्जत-२ त्याहून उशिरा पिकतो. जेथे ओल फार दिवस टिकत नाही, अशा शेतात चुकीच्या नावाने उशिरा पिकणारे बी पडले, तर दाणा भरण्यापूर्वीच पाणी आटते आणि वर्षाचे कष्ट वाया जातात. नावाचे महत्त्व एवढे मोठे आहे.

फुलांच्या बाबतीतही हेच घडते. ग्लॅडिओलसचा कंद हातात घेतला, तर त्यातून कोणत्या रंगाचे फूल उमलेल हे कोणासही सांगता येत नाही. घेणाऱ्याने विश्वास ठेवावयाचा तो केवळ नावावर. म्हणून दोन जातींचा संकर करून नवे फूल निर्माण झाले, की त्याचे बारसेही विचारपूर्वक करावे लागते.

ही नावे नाना प्रकारची असतात. काही व्यक्तींच्या स्मरणार्थ ठेवलेली असतात. गुलाबाचे थोर अभ्यासक डॉ. बी. पी. पाल यांनी एका शुभ्र गुलाबास ‘डॉ. होमी भाभा’ हे नाव दिले. काही नावे निर्माण करणाऱ्या संस्थेची खूण सांगतात. राहुरी येथील महात्मा फुले कृषी विद्यापीठाची स्थापना १९६८ साली झाली. त्याच्या अनेक वाणांच्या नावांआधी ‘फुले’ हा शब्द येतो. निशिगंधाचा ‘फुले रजनी’ आणि ग्लॅडिओलसचा ‘फुले गणेश’ हे त्यांपैकीच. येथे ‘फुले’ म्हणजे पुष्पे नव्हेत. ते महात्मा जोतीराव फुले यांचे आडनाव आहे. परंतु त्यांच्या घराण्यात फुलांचा व्यवसाय होता आणि त्यावरूनच हे आडनाव रूढ झाले. असा हा शब्द फुलांपासून निघून पुन्हा फुलांकडेच परतला आहे!

नावांबाबत शिस्त नसेल, तर मात्र घोटाळा होतो. फ्रान्समधील फ्रान्सिस मेयाँ यांनी दुसऱ्या महायुद्धापूर्वी एक सुंदर पिवळसर गुलाब तयार केला. फ्रान्समध्ये त्यास त्यांच्या मातोश्रींचे नाव मिळाले. जर्मनी आणि इटली या देशांत त्यास दोन निराळी नावे पडली. अमेरिकेत १९४५ साली, युद्ध संपत आले असता, त्याचे ‘पीस’ म्हणजे ‘शांतता’ असे नामकरण झाले. फूल एक आणि नावे चार!

असा गोंधळ टळावा म्हणून लागवडीच्या वनस्पतींच्या नावांसाठी आंतरराष्ट्रीय नियमावली करण्यात आली. ती प्रथम १९५३ साली प्रसिद्ध झाली. तिच्यानुसार वाणाचे नाव एकेरी अवतरणचिन्हांत लिहितात. एका गुलाबास दिलेले नाव दुसऱ्या गुलाबास देता येत नाही. तसेच १९५९ पासून नव्या वाणांना लॅटिन धाटणीची नावे न देता प्रचलित भाषेतील नावे द्यावयाची असे ठरले. म्हणूनच ‘रजनी’सारख्या आपल्या भाषेतील नावासही जगात तितकाच मान आहे.

भारतात वनस्पतींच्या वाणांचे संरक्षण आणि शेतकऱ्यांचे हक्क यांविषयीचा कायदा २००१ साली झाला. या कायद्याखाली नोंदवावयाचे नाव सहसा नुसत्या आकड्यांचे चालत नाही. लोकांची फसवणूक करणारे किंवा कोणाच्या धर्मभावना दुखावणारे नावही नोंदले जात नाही. ज्या फुलास वास नाही, त्यास ‘सुगंधा’ म्हणून ग्राहकास भुलविणे योग्य ठरेल काय? गावाचे नाव घालावयाचे असेल, तर त्याचा वापर प्रामाणिक असावा लागतो. विशेष म्हणजे, शेतकऱ्याने स्वतः जोपासलेला वाणही या कायद्याने नोंदविता येतो.

वाणाचे नाव म्हणजे निर्माण करणाऱ्याने घेणाऱ्यास दिलेला शब्दच होय. कंद जमिनीत असतो, फूल अजून उमलावयाचे असते. तोवर दोघांमध्ये असतो तो एवढा शब्द. तो खरा ठरला, तरच बाग फुलते आणि विश्वासही टिकतो.