मुरायामाची चौतीस वर्षं बंद राहिलेली प्रयोगशाळा

टोकियोच्या निशी-कसाईतल्या आपल्या दुकानांत पोहे-डाळीसाठी आपण जी हजार येनची नोट मोडतो, तिच्यावर जुलै 2024पासून शिबासाबुरो कितासातो आहेत. 1894च्या हाँगकाँगच्या साथीत प्लेगचा जंतू शोधणाऱ्या दोघांपैकी ते एक, दुसरे येर्सां. दोनच वर्षांत तो प्लेग मुंबईत उतरला आणि जानेवारी 1897मध्ये जंतुशास्त्रज्ञ हाफकिन यांनी भायखळ्याला तयार केलेली लस आधी स्वतःला टोचून घेतली. प्राण्यांकडून माणसांत येणाऱ्या रोगांशी टोकियो आणि मुंबईची झुंज इतकी जुनी आहे. त्यामुळे संपादकांनी ‘तिकडच्या साथरोग संस्थेवर लिहा’ म्हटल्यावर मी लगेच होकार दिला.

संस्थेचं मुख्यालय सोयीचं आहे. निशी-कसाईला तोझाई लाइन पकडायची, कुठेही गाडी न बदलता वासेदाला उतरायचं आणि तोयामापर्यंत चालत जायचं. कितासातोंनी 1892 मध्ये सुरू केलेल्या संस्थेतून 1947 मध्ये ही सरकारी संस्था वेगळी निघाली. 1997 मध्ये तिला राष्ट्रीय संसर्गजन्य रोग संस्था हे नाव मिळालं आणि एप्रिल 2025 मध्ये ती एका मोठ्या रुग्णालय-संस्थेबरोबर नव्या यंत्रणेत विलीन झाली. एवढा इतिहास माहितीपत्रकात मिळतो. पण तोयामाच्या याच जागेवर पूर्वी लष्करी वैद्यकीय महाविद्यालय होतं, आणि 1989 मध्ये इमारतीसाठी खोदताना इथे शंभराहून अधिक माणसांची हाडं सापडली. युद्धकाळात चीनमध्ये माणसांवर जंतुप्रयोग करणाऱ्या ‘युनिट 731’शी त्या महाविद्यालयाचे संबंध होते. शेजारच्या रहिवाशांनी प्रयोगशाळेला विरोध केला, तो मला तरी हट्टीपणाचा वाटत नाही.

खरी ओढ मला होती ती संस्थेच्या दुसऱ्या आवाराची. टोकियोच्या पश्चिमेला मुसाशी-मुरायामा नावाचं शहर आहे. तिथे 1981 मध्ये जपानने सर्वोच्च सुरक्षा पातळीची, म्हणजे बीएसएल-4 प्रयोगशाळा बांधली. इबोला, लासा, मारबर्ग यांच्यासारखे विषाणू हाताळण्यासाठी ती होती. कुंपणाला लागून घरं आणि शाळा. लोकांनी नकार दिला आणि प्रयोगशाळा त्या पातळीवर चौतीस वर्षं चाललीच नाही. यंत्रं होती, ती चालवू शकणारी माणसं होती, फक्त परवानगी नव्हती. पश्चिम आफ्रिकेतल्या इबोलाच्या साथीने सरकारला हलवलं, आणि ऑगस्ट 2015 मध्ये तिला अखेर अधिकृत मान्यता मिळाली. प्रत्यक्ष इबोला आणि इतर चार प्रकारचे जिवंत विषाणू आले ते सप्टेंबर 2019 मध्ये, ऑलिंपिकच्या तयारीत.

आत जायला बाहेरच्यांना मिळत नाही, पण रचना समजून घेता येते, आणि मी तिच्यातच गुंतलो. मुरायामात शास्त्रज्ञ अंतराळवीरासारखा पोशाख घालत नाहीत. स्टीलच्या लांबलचक बंद पेट्या एकमेकींना जोडलेल्या असतात. पुढे काच, काचेखाली गोल भोकं आणि भोकांना घट्ट बसवलेले जाड रबरी हातमोजे. पेटीतली हवा सतत खेचून घेतलेली असते, म्हणून कोणी हात घातलेला नसतानाही ते मोजे आतल्या बाजूला फुगून उभे राहतात. मोज्याला भोक पडलंच तर हवा बाहेरून आत जाईल, आतली बाहेर येणार नाही. बाहेर सोडायची हवा गाळण्यांतून जाते. वस्तू बाहेर येते ती दोन दारांच्या ऑटोक्लेव्हमधून, म्हणजे वाफेने जंतू मारणाऱ्या पेटीतून. एक दार उघडं असताना दुसरं उघडतच नाही. सुरक्षित, पण कामाला किचकट. रबराच्या जाडीत बोटांची जाण हरवते. कुपीचं झाकण फिरवायलाही सराव लागतो. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत 2012 मध्ये सुरू झालेल्या बीएसएल-4 मध्ये हवा पुरवलेला पूर्ण पोशाख घालून काम चालतं. तिथे हात मोकळे, पण अंगावर पोशाखाचं ओझं.

अशा प्रयोगशाळा कशाला, असं विचारणाऱ्यांना इबोला दूरचा वाटतो. गोचीड दूरची नाही. जानेवारी 2013 मध्ये जपानने जाहीर केलं की यामागुचीतल्या एका रुग्णाचा आदल्या शरदात झालेला मृत्यू एसएफटीएस या गोचिडीच्या विषाणूने झाला होता. या आजारात प्लेटलेट कोसळतात. पुढे कळलं की आजारी मांजर चावल्यानेही तो होतो. जून 2024 मध्ये जपानने त्यावर फॅविपिराविर मंजूर केलं, तेच औषध जे कोविडमध्ये आपल्याकडे फॅबिफ्लू म्हणून घरोघरी पोचलं होतं.

हे वाचताना मला सिंधुदुर्गातला दोडामार्गच आठवत होता. 1957 मध्ये शिमोग्याच्या क्यासनूर जंगलात माकडं मरू लागली तेव्हा पुण्याच्याच संस्थेने, तेव्हाच्या विषाणू संशोधन केंद्राने, नवा विषाणू शोधून काढला. 2015 मध्ये तो गोव्याच्या सत्तरीतल्या काजूच्या बागांत आणि 2016 मध्ये दोडामार्गात आला. आपल्याकडे त्याला माकडताप म्हणतात. माकड मेलं की त्याच्या अंगावरच्या गोचिडी पाचोळ्यात उतरतात आणि काजूच्या हंगामात माणसाच्या पायावर चढतात. त्या शोधायची पद्धत जपानात आणि कोकणात एकच: पांढरं फ्लॅनेलचं फडकं गवतावरून सावकाश ओढत न्यायचं. गोचीड गवताच्या टोकावर पुढचे पाय पसरून बसलेली असते. जवळून जाणाऱ्याच्या श्वासाचा अंदाज तिला येतो. फडकं घासताच ती त्याला धरते. मग चिमट्याने एकेक उचलून कुपीत भरायची. कोट्यवधींची प्रयोगशाळा या फडक्यावर अवलंबून आहे.

आणि फडकं कुठे ओढायचं ते कळतं आसपासच्या लोकांकडून. अडचण तिथेच आहे: लोकांचा प्रयोगशाळेवर विश्वास हवा. मुरायामाच्या महापौरांनी मान्यता दिली तेव्हा प्रयोगशाळा दुसरीकडे हलवण्याचा विचार व्हावा, असा आग्रह धरला होता. नागासाकी विद्यापीठाने 2021 मध्ये स्वतःची बीएसएल-4 इमारत उभी केली. तिथल्या रहिवाशांचाही विरोध होता. आपल्याकडे असा वाद जवळपास झालाच नाही, आणि मला त्याची काळजी वाटते. शेजाऱ्यांनी प्रश्नच विचारले नाहीत, तर संस्थेला उत्तर द्यायची सवय कशी लागणार? मुरायामाची चौतीस वर्षं वाया गेली असं मी म्हणणार नाही, पण त्या काळात जपानला काही विषाणू घरच्या घरी तपासता आले नाहीत, ही किंमतही खरीच. माकडतापाच्या जुन्या लशीचं संरक्षण अपुरं ठरलं, नव्या लशीचं काम आयसीएमआरने हाती घेतलं आहे. ती येईपर्यंत खबर देणारा गावकरी हाच पहिला पहारेकरी, आणि तो खबर देतो ती विश्वास असेल तरच.

म्हणून दोडामार्ग, सावंतवाडी, सत्तरीतल्या वाचकांना विनंती: रानात मेलेलं माकड दिसलं तर हात लावू नका, त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवा. काजूच्या बागेतून आल्यावर ताप चढला तर डॉक्टरांना बागेचं नाव सांगा. निशी-कसाईतून सुट्टीला ताकाओ-ओकुतामाच्या डोंगरात जाणाऱ्यांनी मुलांना पूर्ण विजार आणि मोजे घालावेत, घरी आल्यावर अंग तपासावं, आणि चिकटलेली गोचीड बोटांनी चिरडू नये, त्वचारोगतज्ज्ञाकडे जावं.