ग्लँड ठिबकू का द्यायची?

नळाचा वायसर बदलला की गळती थांबते. बाटलीचे बूच घट्ट बसवले की तेल सांडत नाही. मग विहिरीवरच्या पंपाच्या शाफ्टपाशी ठिबकणारे पाणी कायमचे का बंद करता येत नाही? हा प्रश्न आठवी-नववीच्या वर्गात सहज निघू शकतो, कारण ते ठिबकणे अनेक मुलांनी घरी पाहिलेले असते. ते थांबवण्यासाठी पाना घेऊन ग्लँड आवळणारे वडील किंवा काकाही पाहिलेले असतात.

सगळा फरक शाफ्ट फिरतो यात आहे. बूच आणि बाटली एकमेकांवर दाबून स्थिर राहतात. मऊ वस्तू कठीण वस्तूच्या खाचखळग्यांत शिरते आणि पाण्याची वाट बुजते. पंपात मात्र मोटर बाहेर कोरड्यात, पंखा आत पाण्यात आणि दोघांना जोडणारा शाफ्ट पंपाच्या भिंतीतून आरपार गेलेला. शाफ्टचा व्यास 50 मिलिमीटर आणि वेग मिनिटाला 1440 फेरे धरला, तर त्याचा पृष्ठभाग सेकंदाला जवळजवळ पावणेचार मीटर सरकतो. म्हणजे सायकलने जाणाऱ्या माणसाचा वेग झाला. अशा पृष्ठभागाला एखादी वस्तू घट्ट चिकटवली तर ती घासणार, तापणार, झिजणार. सैल ठेवली तर फट राहणार आणि पाणी गळणार.

जुना उपाय दोरीचा. शाफ्टभोवती एक पोकळ डबी असते, तिला स्टफिंग बॉक्स म्हणतात. तीत ग्लँड दोरीचे तुकडे कड्यांसारखे एकामागे एक बसवतात. एका कडीचा सांधा दुसरीच्या सांध्यासमोर येऊ देत नाहीत, नाहीतर पाण्याला सरळ रस्ताच मिळेल. (दोरी सलग गुंडाळली तरी तेच होते. तरीही ती तशी गुंडाळलेली पुष्कळ ठिकाणी दिसते.) वरून ग्लँड बसवून तिचे दोन नट आवळले की दोरी दबते, फुगते आणि शाफ्टला भिडते. जेम्स वॉटच्या वाफेच्या इंजिनात दट्ट्याचा दांडा अशाच डबीतून ये-जा करी. तेव्हा भरण वाखाचे आणि चरबीचे असे. आता ग्रॅफाइट किंवा टेफ्लॉन लावलेली विणलेली दोरी वापरतात.

या दोरीला आणि शाफ्टला वंगण कोण देते? झिरपणारे पाणीच. उष्णताही तेच वाहून नेते. म्हणून चालू पंपाच्या ग्लँडमधून मिनिटाला साधारण 40 ते 60 थेंब पडू द्यावेत असा कारागिरांचा हिशेब असतो. वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला तर 60 थेंबांनी तासाला 180 मिलिलिटर पाणी जाते. सेकंदाला 10 लिटर पाणी देणारा पंप तासाला 36,000 लिटर उपसतो. गळती त्याच्या दोन लाखांत एक भाग! एवढ्यासाठी नट आवळत बसलो तर काय होते? पाणी थांबते, दोरी कोरडी पडते, तापते, तिच्यातले वंगण जळते, ती लाकडासारखी कडक होते आणि शाफ्टवर किंवा त्याच्या स्लीव्हवर चर पाडते. चर पडला की नवी दोरीही नीट बसत नाही. गळती थांबवण्यासाठी केलेल्या उपायाने आता धार लागते. रात्रीच्या विजेवर पंप लावून घरी जाणाऱ्या शेतकऱ्याला हे सकाळी कळते. ग्लँड आवळायचीच झाली तर पंप चालू ठेवून, दोन्ही नट सारखे, एका वेळी अगदी थोडेसे फिरवून आणि मधे थांबून थेंब मोजत आवळावी. हात व कपडे मात्र फिरत्या शाफ्टपासून दूर हवेत, आणि मुलांना हे काम करू देऊ नये.

उलट बाजूही आहे. पंप खालून पाणी ओढत असेल तर ग्लँडच्या जागी आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असू शकतो. तेव्हा पाणी बाहेर येण्याऐवजी हवा आत शिरते आणि पंप पाणी सोडतो. यावर उपाय म्हणून काही पंपांत पाणी बाहेर टाकण्याच्या बाजूकडून बारीक नळीने दाबाचे पाणी स्टफिंग बॉक्समध्ये आणतात. म्हणजे गळती मुद्दाम पुरवायची!

वर्गात एक छोटा प्रयोग करता येतो. सूक्ष्मदर्शकाच्या दोन स्वच्छ काचपट्ट्या कोरड्या असताना एकमेकींवर दाबून सरकवा, त्या अडतात. मधे पाण्याचा एक थेंब टाका. आता त्या सहज सरकतात, पण सरळ ओढून वेगळ्या करणे अवघड जाते. पाण्याच्या या पातळ थरावरच मेकॅनिकल सील चालते. त्यात दोन कड्या समोरासमोर असतात. एक, बहुधा कार्बनची, शाफ्टबरोबर फिरते. दुसरी, सिरॅमिकची किंवा सिलिकॉन कार्बाइडची, स्थिर असते. स्प्रिंग एकीला दुसरीवर दाबून धरते, त्यामुळे कार्बन झिजला तरी फट वाढत नाही.

फट वाढू न देणे इतके महत्त्वाचे का, हे एका गणिताने कळते. अरुंद फटीतून संथपणे जाणारा प्रवाह फटीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. फट दुप्पट केली तर गळती आठपट. वरच्याच 50 मिलिमीटर व्यासाच्या शाफ्टसाठी कड्यांची रुंदी 3 मिलिमीटर, पाण्याचा दाब 3 बार आणि फट 1 मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, धरली तर तासाला सुमारे पाच मिलिलिटर पाणी झिरपेल. एक चमचा. फट 10 मायक्रॉन झाली की तेवढ्याच वेळात पाच लिटर! चांगल्या सीलमध्ये फट बहुधा एका मायक्रॉनहूनही लहान असते आणि झिरपलेले पाणी घर्षणाच्या उष्णतेने वाफ होऊन जाते. सील कोरडे दिसते, एवढेच.

कड्या इतक्या सपाट आहेत हे तपासायचे कसे? त्यांवर अतिसपाट काचेची चकती ठेवतात आणि हीलियम दिव्याच्या पिवळ्या प्रकाशात पाहतात. व्यतिकरणाने काळे पट्टे दिसतात. या प्रकाशाची तरंगलांबी सुमारे 0.59 मायक्रॉन आहे, त्यामुळे एका पट्ट्यामागे अंतरात 0.29 मायक्रॉनचा फरक पडतो. सीलच्या कड्या दोन-तीन पट्ट्यांइतक्या सपाट असाव्या लागतात. आपल्या काचपट्ट्या कोरड्या पुसून काळ्या कागदावर ट्यूबलाइटखाली दाबून धरल्या तरी रंगीत पट्टे दिसतात. न्यूटनची वलये शिकवताना त्यांचा हा कारखान्यातला उपयोग जरूर सांगावा, असे आम्हाला वाटते.

अशा सीलचा शत्रू म्हणजे कोरडेपणा. पाणी नसताना पंप चालवला तर मधला थर जातो आणि कड्या थोड्याच वेळात तापून तडकू शकतात.

पाण्याचा थेंब जमिनीवर पडला तर चालते. विषारी किंवा पेट घेणाऱ्या द्रवाचा चालत नाही. तेथे दोन सील एकामागे एक बसवून मधे निरुपद्रवी द्रव अधिक दाबाने भरतात. गळायचेच तर तो गळेल. याहून चांगला मार्ग म्हणजे फिरता सांधाच काढून टाकणे. घरच्या फ्रिजमध्ये मोटर व कॉम्प्रेसर एकाच बंद पोलादी डब्यात असतात. भिंतीतून फक्त विजेच्या तारा जातात. पट्ट्याने फिरणाऱ्या मोटारगाडीतल्या एसीच्या कॉम्प्रेसरचा शाफ्ट मात्र बाहेर येतो. वर्षानुवर्षे त्याच गॅसवर चालणाऱ्या फ्रिजच्या तुलनेत गाडीत गॅस भरण्याची वेळ लवकर का येते, याचे एक कारण ते आहे. बोअरवेलच्या बऱ्याच सबमर्सिबल पंपांत तर मोटरमध्येच पाणी भरलेले असते आणि गुंडाळीच्या तारांवर प्लास्टिकचे आवरण असते. पाणी बाहेर ठेवण्याचा हट्टच सोडला.

हृदयाला मदत करणाऱ्या पंपात हा प्रश्न जिवावरचा होतो. घासणाऱ्या, तापणाऱ्या सांध्यापाशी रक्तपेशी फुटतात आणि गुठळ्या होतात. 2017 मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेल्या हार्टमेट 3 या पंपात म्हणून शाफ्टच नाही. कागदाखालच्या चुंबकाने वरची टाचणी हलते, तसे भिंतीपलीकडचे चुंबकीय क्षेत्र त्याच्या पंख्याला रक्तात तरंगत ठेवते आणि फिरवतेही. विजेची वायर मात्र पोटाच्या कातडीतून बाहेर आणावी लागते आणि जंतुसंसर्गासाठी डॉक्टरांना त्या जागेची काळजी घ्यावी लागते.