स्थगित शिक्षा : एका संज्ञेचे दोन अर्थ

‘शिक्षेला स्थगिती’ ही संज्ञा मराठीत एकार्थी भासते. विधिव्यवहारात ती तशी नाही. फ्रान्समध्ये १८९१ साली आणि इंग्लंडमध्ये १९६७ साली कायद्याने आलेल्या स्थगित शिक्षेत कारावासाची मुदत उच्चारली जाते, परंतु दोषीचे वर्तन चांगले राहिल्यास ती भोगावी लागत नाही. भारतीय फौजदारी कायद्यात ही रचना जशीच्या तशी आढळत नाही. तिचे कार्य येथे दोन भिन्न तरतुदींत विभागले गेले आहे.

मेधा पाटकर यांच्या दिल्लीतील खटल्यात या दोन्ही तरतुदी क्रमाने दिसतात. २००० मधील एका प्रसिद्धिपत्रकावरून, पुढे दिल्लीचे नायब राज्यपाल झालेले वि. कु. सक्सेना यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद दाखल केली होती. तीत साकेत येथील दंडाधिकाऱ्यांनी १ जुलै २०२४ रोजी पाटकर यांना पाच महिन्यांचा साधा कारावास व दहा लाख रुपयांची भरपाई अशी शिक्षा सुनावली आणि अपिलासाठी ती महिनाभर स्थगित ठेवली. एप्रिल २०२५ मध्ये सत्र न्यायालयाने दोषसिद्धी कायम केली. मात्र कारावासाऐवजी एक वर्षाची परिवीक्षा दिली व भरपाई एक लाखावर आणली. ११ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दोषसिद्धीत हस्तक्षेप केला नाही. भरपाई व देखरेखीची अट तेवढी दूर केली.

पहिली स्थगिती केवळ कालावधी देते. तिचा आधार १९७३ च्या दंडप्रक्रिया संहितेचे कलम ३८९ हा होता. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत तेथे कलम ४३० आले आहे. अपिलाचा निर्णय लागण्यापूर्वीच पाच महिने भोगून संपले, तर निर्दोष ठरण्यालाही अर्थ उरत नाही. अल्प मुदतीच्या शिक्षेत स्थगितीचे मोल सर्वाधिक ठरते ते यामुळेच.

परिवीक्षेचे स्वरूप याहून निराळे आहे. १९५८ च्या अपराधी परिवीक्षा अधिनियमाच्या कलम ४ नुसार न्यायालय तत्काळ शिक्षा न देता दोषीला बंधपत्रावर मुक्त करते. बोलावणे आल्यास हजर होऊन शिक्षा स्वीकारण्याची हमी त्यात असते. म्हणजे इंग्लंडमध्ये उच्चारलेली शिक्षा थांबते, तर येथे शिक्षेचा उच्चारच थांबतो. दोषाचा निर्णय मात्र दोन्हीकडे उभाच राहतो. दोन्ही प्रकारांना ‘स्थगिती’ म्हणणाऱ्या अनुवादात हा भेद पुसला जातो, आणि दोषी ठरलेली व्यक्ती सुटली, असा चुकीचा बोध वाचकाला होतो.